१८० दिवस: अमेरिकेतले भेदभावविरोधी कायदे आणि माझी चुकलेली मोजणी

रानजाई | ११ जानेवारी, २१:४०

लिहू की नको यात दोन महिने गेले. शेवटी लिहितेय, कारण माझ्या जागी उद्या दुसरं कोणी असेल.

मी अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. बारा वर्षं एकाच कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ग्रीन कार्ड आहे, म्हणजे व्हिसाची भीती नव्हती. तरी गप्प बसले, हे आधीच कबूल करते.

गेल्या वर्षी १२ मार्चला नव्या डिरेक्टरने बोलावून क्लायंट कॉल्स माझ्याकडून काढून घेतले. कारण काय, तर क्लायंटला माझं बोलणं समजायला कष्ट पडतात. हेच क्लायंट सहा वर्षं माझ्याशीच बोलत होते. त्यातल्या एका बाईंच्या मुलीच्या लग्नाचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत! मला टेस्टिंगला बसवलं. बोनस क्लायंटच्या कामावर ठरायचा, तोही गेला.

पुढचे दोन महिने मी काय केलं सांगू? रात्री ओटा पुसून झाला की डायनिंग टेबलावर हेडफोन लावून स्वतःचेच जुने कॉल ऐकत बसायचे. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बंडी, माझ्या तोंडून दोन्ही एकच येतात. आपल्या 'व'ला दुसरं घरच नाही. लेक नववीत. ती समोर बसून शिकवायची, "आई, वरचे दात खालच्या ओठावर टेकव. आता नको टेकवूस. आता परत टेकव." एका रात्री मध्येच म्हणाली, "मला तर तुझं सगळं समजतं," आणि उठून खोलीत गेली. त्यानंतर हेडफोन ड्रॉवरमध्ये टाकले ते टाकलेच.

एप्रिलमध्ये एचआरकडे लेखी तक्रार केली होती. बाई बोलायला गोड. चौकशी चालू आहे, चालू आहे, चालू आहे. ऑगस्टअखेर दोन ओळींची ईमेल आली की काही आढळलं नाही. मग गणपती आले, मग मंडळाच्या नाटकाच्या तालमी. ५ नोव्हेंबरला वकिलीणबाईंकडे गेले. त्यांनी माझी कहाणी ऐकायच्या आधी तारीख विचारली. टेबलावरचं कॅलेंडर ओढून पेन्सिलीने महिने मोजले. २३८ दिवस. जॉर्जियात केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, तक्रार करायची मुदत १८० दिवस. ती ८ सप्टेंबरला संपली होती. विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते आणि मी गॅरेजमध्ये मखर वर चढवत होते.

एचआरची चौकशी चालू असली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. बारा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

आपापल्या राज्यातले नियम माहीत असतील तर लिहा. आणि कोणाला अजून एखादी वाट माहीत असेल तर तीही.

---

सायली_ओहायो | ११ जानेवारी, २२:०५

बाप रे. लेकीचं वाक्य वाचून पुढे वाचवेना. वाचनखूण साठवली आहे.

---

जर्सीकर | ११ जानेवारी, २३:३०

रानजाई, मनापासून वाईट वाटलं. मी वकील नाही. न्यू जर्सीत एका लॉ फर्ममध्ये सतरा वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस, आहे, त्यामुळे खाली लिहितोय ती माहिती समजा, सल्ला नव्हे.

आपल्या लोकांचा एक घोळ कायम दिसतो. अमेरिकेत कायदा म्हणजे एकच कायदा अशी समजूत असते. इथे दोन मजले आहेत. वरचा केंद्राचा, म्हणजे १९६४ चा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट. त्यातला नोकरीचा भाग म्हणजे टायटल सेव्हन. वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश या पाच गोष्टींवरून नोकरीत भेद करायचा नाही. पण मालकाकडे किमान १५ माणसं हवीत. वयाचा कायदा १९६७ चा, तो चाळिशीपासून पुढे लागतो आणि २० माणसं लागतात. अपंगत्वाचा १९९० चा, तिथे पुन्हा १५.

खालचा मजला राज्याचा आणि तो प्रत्येक राज्यात वेगळा बांधलाय. आमच्या जर्सीचा कायदा १९४५ चा, म्हणजे केंद्राच्या एकोणीस वर्षं आधीचा! त्याला माणसांच्या संख्येची अट नाही. चार टेबलांचं उपाहारगृह असलं तरी लागू. थेट कोर्टात जायला दोन वर्षं मिळतात. (राज्याच्या खात्याकडे जायचं असेल तर मात्र १८० दिवसच. इथे बरेच जण फसतात.)

आता १८० आणि ३०० ची गंमत. ईईओसीची मूळ मुदत १८०. पण राज्यात त्याच भेदभावाविरुद्ध कायदा आणि तो राबवणारं खातं असेल तर ती ३०० होते. जॉर्जियात खासगी नोकरीसाठी असा सर्वसाधारण कायदाच नाही, राज्याचा आहे तो फक्त सरकारी नोकरांना. म्हणून तुम्हाला १८०. तुमचीच कहाणी हडसन नदीच्या या काठावर, आमच्या जर्सीत, घडली असती तर ५ नोव्हेंबरला आम्ही शांतपणे चहा घेत फॉर्म भरला असता. अन्याय तोच, ऑफिसचा पिन कोड वेगळा.

---

पांढरा_कावळा | १२ जानेवारी, ००:१५

वाईटपणा घेतो. उच्चार खरंच समजत नसतील तर धंदेवाल्याने काय करायचं? पुण्यात कॉल सेंटरवाला बोललेलं आपल्याला कळलं नाही तर आपणही फोन आपटतोच की. परक्या देशात आलोय, जमवून घ्यावं. दर गोष्टीला भेदभाव म्हटलं की खऱ्या भेदभावाची किंमत उतरते.

---

जर्सीकर | १२ जानेवारी, ०७:५०

कावळेबुवा, तुमचा पहिला मुद्दा कायद्यालाही मान्य आहे. होनोलुलूत मॅन्युअल फ्रागांते नावाचे फिलिपिनो गृहस्थ होते. मोटार परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनी जागेसाठी ७२१ जणांनी लेखी परीक्षा दिली, त्यात हे पहिले. मुलाखतीत बोलण्याची ढब आडवी आली आणि नोकरी गेली. १९८९ मध्ये नवव्या सर्किट कोर्टातही, म्हणजे केंद्राच्या अपील कोर्टातही, ते हरले, कारण काउंटरवर दिवसभर लोकांशी बोलायचं काम होतं आणि कोर्टाला तेवढं कारण पुरलं.

पण त्याच निकालात कोर्टाने बजावलंय की 'उच्चार' हा शब्द मूळ देशावरच्या रागाला झाकण म्हणून सहज वापरता येतो, तेव्हा असा दावा बारकाईने तपासा. बोलण्यामुळे कामात खरोखर, मोजता येईल असा अडथळा येतो का, हे बघायचं असतं. सहा वर्षं क्लायंटची एकही तक्रार नाही आणि अचानक सातव्या वर्षी बोलणं कळेनासं होतं? डिरेक्टरना उत्तर द्यायला लावण्याजोगा प्रश्न आहे हा.

"फक्त बदली केली, पगार तोच" असंही कंपन्या म्हणायच्या. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सेंट लुईसच्या एका महिला पोलीस सार्जंटच्या खटल्यात सांगितलं की बदलीने थोडंफार नुकसान झालं तरी पुरे, ते मोठंच असलं पाहिजे असं नाही. रानजाईंचा तर बोनसही गेलाय.

---

पांढरा_कावळा | १२ जानेवारी, ०८:२०

७२१ वाली माहिती नवीन होती. पहिला मुद्दा मागे घेतो, 'जमवून घ्यावं' ठेवतो.

---

शिकागोचे_आजोबा | १२ जानेवारी, १०:१०

ठेवा हो कावळेसाहेब, आम्हीही ठेवलं होतं. मी १९६९ साली इथे उतरलो. खिशात आठ डॉलर, तेव्हा भारत सरकार तेवढेच नेऊ द्यायचं. आम्ही आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि तो कायदा १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या पाठोपाठ त्याच वाऱ्यात झाला. ज्यांनी त्यासाठी काठ्या खाल्ल्या, कुत्री अंगावर घेतली, ती माणसं काळी होती. आम्ही आयते जेवायला बसलो आणि वर त्यांच्याच वस्तीत घर नको म्हणालो. हे आमच्या पिढीबद्दल लिहून ठेवतो, नंतर कोणी लिहिणार नाही.

घराचं सांगतो. वर्तमानपत्रात जाहिरात बघून मी फोन केला की "हो हो, रिकामं आहे." दारात गेलो की "आत्ताच गेलं." एका शनिवारात तीन वेळा. तिसऱ्या वेळी जिन्यातून खाली येताना माझ्या ऑफिसातला आयरिश मुलगा बरोबर होता, त्याला म्हटलं तू जा वर. पाच मिनिटांत तो किल्ली घेऊन खाली आला. तोवर फेअर हाऊसिंगचा, म्हणजे घर देताना भेद करायचा नाही असा, कायदा होऊन वर्ष झालेलं होतं बरं का. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये याच प्रश्नासाठी आमच्या शिकागोच्या वेस्ट साइडला भाड्याने येऊन राहिले होते. कायदा झाला तो त्यांच्या खुनानंतर आठवड्याने, ११ एप्रिल १९६८ ला. मला कायदा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी मी कुठे जाणार होतो म्हणा!

(रानजाईबाई, ते 'वेस्ट साइड' मी अजूनही आपल्याच 'व'ने म्हणतो. सत्तावन्न वर्षांत कोणी रस्ता चुकलं नाही.)

---

सुलू_बे_एरिया | १२ जानेवारी, १२:४५

आजोबा, __/\__

कॅलिफोर्नियाचं लिहिते. इथे पाच माणसांपासून कायदा लागतो आणि राज्याच्या सिव्हिल राइट्स खात्याकडे जायला तीन वर्षं मिळतात. आधी एकच होतं, २०२० पासून तीन केलं. शिवाय केंद्राच्या कायद्यात मानसिक त्रास आणि दंड धरून मिळणाऱ्या भरपाईला कंपनीच्या आकाराप्रमाणे टोपी, म्हणजे कमाल मर्यादा, घातलेली आहे. सगळ्यात लहान कंपन्यांना ५० हजार आणि ५०० च्या वर माणसं असतील तर ३ लाख डॉलर. १९९१ पासून हे आकडे हललेले नाहीत, महागाई कुठच्या कुठे गेली. राज्याच्या कायद्यात तशी टोपी नाही. म्हणून इथले वकील शक्यतो राज्याच्या दारानेच जातात.

एक गोष्ट सगळ्यांनी आज रात्री करा. नोकरीला लागताना सह्या केलेले कागद काढा आणि त्यात आर्बिट्रेशनचं कलम आहे का बघा. असेल तर कोर्टाऐवजी लवादापुढे जावं लागतं. तरीही ईईओसीकडे तक्रार करायचा हक्क त्या सहीने जात नाही. माझ्या मैत्रिणीने "आपण सही केली आहे ना" म्हणून काहीच केलं नव्हतं.

---

एच१बी_चा_कैदी | १२ जानेवारी, १३:३०

तुम्ही सगळे ग्रीन कार्डवाले. आमचं एच-१बी व्हिसावाल्यांचं काय? तक्रार केली, नोकरी गेली, ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर बॅगा भरा. कायदा पुस्तकात छान आहे.

---

जर्सीकर | १२ जानेवारी, १८:१५

भीती खोटी नाही, ती नाही असं म्हणणार नाही. टायटल सेव्हनचं संरक्षण व्हिसावाल्यालाही आहे. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. ईईओसीकडे अलीकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याच्या आसपास तक्रारींत सूडाचा आरोप असतो. कधी कधी मूळ भेदभाव सिद्ध होत नाही आणि कंपनी सूडावर हरते, कारण मॅनेजर मंडळी रागाच्या भरात ईमेल लिहून बसतात.

मात्र ६० दिवसांच्या गणिताला कायद्याकडे उत्तर नाही, हेही खरं. म्हणून कागद आधी जमवा. रोज घरच्या वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं आणि तिथे अजून कोण होतं ते लिहा. कंपनीच्या लॅपटॉपवर लिहू नका, जायच्या दिवशी तो सकाळी दहाला बंद पडतो. आणि कंपनीच्या गोपनीय फायली घरी पाठवू नका, उलट तुमच्यावरच शेकेल.

अजून एक. "आम्ही फक्त अमेरिकन नागरिक घेतो" किंवा उलट "फक्त एच-१बी हवेत" अशा जाहिरातींसाठी वेगळा कायदा आहे, १९८६ चा. ते काम न्याय खात्याचा एक विभाग बघतो आणि तिथेही मुदत १८० दिवस. दुसऱ्या प्रकारच्या जाहिराती आपल्याच कन्सल्टन्सीवाल्यांच्या असतात, आणि तिथे तक्रार करणारा अमेरिकन माणूस बरोबर असतो. २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ओहायोच्या एका खटल्यात एकमताने सांगितलं की बहुसंख्य गटातल्या माणसाला जास्तीचा पुरावा मागायचा नाही. कायदा दोन्ही बाजूंनी कापतो.

---

भेळवाली | १२ जानेवारी, २०:५०

दोन्ही बाजूंनी वरून आठवलं. आमच्या गावच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कालच आलेली जाहिरात, जशीच्या तशी: "टाऊनहाऊस भाड्याने देणे आहे. ३ बेडरूम, स्टेशनपासून ५ मिनिटे. फक्त शाकाहारी महाराष्ट्रीयन कुटुंब. लहान मुले नकोत. इतरांनी कृपया फोन करू नये."

खाली सतरा अंगठे.

---

जर्सीकर | १२ जानेवारी, २१:२०

अरे देवा. आजोबांचा जिना आठवला.

'लहान मुले नकोत' इथे सरळ कायदा मोडलाय. अठरा वर्षांखालची मुलं असलेल्या कुटुंबाला नाकारायचं नाही हे १९८८ पासून केंद्राच्या कायद्यात आहे, ज्येष्ठांच्या वसाहतींचा अपवाद सोडून. 'महाराष्ट्रीयन' म्हटल्यावर मूळ आणि वंश आलेच. 'शाकाहारी' हा गट कायद्यात नाही, पण त्या शब्दाआडून धर्म किंवा जात गाळायची असेल तर तोही अंगाशी येऊ शकतो.

यावर "माझं स्वतःचं घर आहे, मी वरच राहतो" हे उत्तर नेहमी येतं. मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला केंद्राच्या कायद्यात सूट आहे. जाहिरातीला ती सूट नाही! मनात ठेवलं तर सूट आणि ग्रुपवर टाकलं तर गुन्हा, असा अजब प्रकार आहे. आणि मनातलं कारण वंशाचं असेल तर १८६६ चा जुना कायदा ती सूटही मानत नाही.

रूममेटचं वेगळं. तोच फ्रिज, तोच संडास वापरायचा असेल तर कोण हवं ते ठरवायला मोकळीक आहे असा नवव्या सर्किटचा २०१२ चा निकाल आहे.

---

भेळवाली | १२ जानेवारी, २२:०५

ग्रुपवर तुमचा प्रतिसाद चिकटवला. मालकांनी दोन मिनिटांत जाहिरात काढली आणि नवी टाकली: "घर भाड्याने देणे आहे. समजून घ्यावे."

---

माणदेशी | १३ जानेवारी, ०१:१०

सगळं वाचलं. सहसा लिहीत नाही मी इथं.

जाहिरातीत 'महाराष्ट्रीयन' असतं ना, तेव्हा फोन करायच्या आधीच मला ठाऊक असतं की पुढचा प्रश्न आडनावाचा. आमचं आडनाव असं की त्यातनं पटकन काही कळत नाही. मग विचारतात गाव कुठलं. गाव सांगितलं की हसून विचारतात, "गावात कुठं?" ज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही त्यांना वाटंल पत्ता विचारतायत. मागल्या दिवाळीला मॅनेजरच्या घरी पॉटलकला हाच प्रश्न झाला. माझ्या हातात बायकोनं केलेल्या शेंगोळ्यांचं भांडं होतं. ते टेबलावर ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. शेंगोळ्या तशाच परत आल्या. वर्षअखेरच्या रिव्ह्यूत माझं रेटिंग एका पायरीनं उतरलं. या दोन गोष्टींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून इथं आरोप करत नाही. पण शेंगोळ्या मी मोजल्या होत्या.

यासाठी कायदा आहे का कुठं?

---

सुलू_बे_एरिया | १३ जानेवारी, १०:३०

माणदेशी, काय लिहू कळत नाही. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

'जात' हा शब्द केंद्राच्या कायद्यात नाही. सिअ‍ॅटलने २१ फेब्रुवारी २०२३ ला तो शहराच्या कायद्यात घातला, देशातलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरानेही केलं. राज्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही नाकारली. त्यांचं कारण असं की कुळ, वंश यांवरून भेद करायला आधीच बंदी आहे, त्यात जात येतेच. म्हणजे नकार देताना त्यांनी दार उघडं आहे असंच म्हटलं.

२०२० मध्ये राज्याच्या खात्याने सिस्को या टेक कंपनीवर जातीवरून खटला भरला होता. दोन इंजिनियरांवरचे आरोप २०२३ मध्ये मागे घेतले, कंपनीवरचा खटला पुढे चालू ठेवला. कंपनीने आरोप नाकारले आहेत.

---

निळी_शाई | १३ जानेवारी, ११:४०

माणदेशींच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून लिहिते. भेदभाव कोणी करूच नये. पण 'जात' हा शब्द कायद्यात आला की इथला गोरा मॅनेजर प्रत्येक भारतीयाकडे 'हा वरचा की खालचा' म्हणून बघणार. माझी मुलगी इथे जन्मली, तिला स्वतःची जात माहीत नाही. तिला ती एचआरच्या ट्रेनिंगमध्ये कळावी का? कुळ आणि वंश या शब्दांत हे बसत असेल तर फक्त आपल्याच समाजाकडे बोट दाखवणारा शब्द कशाला?

---

माणदेशी | १३ जानेवारी, १२:५५

ताई, तुमच्या मुलीला माहीत नाही हे चांगलंच आहे. माझ्या मुलाला माहीत आहे. दुसरीत असताना त्याला ते दुसऱ्या मराठी मुलानं सांगितलं.

शब्द नसला की काय होतं सांगतो. एचआरची गोरी बाई विचारते, तुम्ही दोघंही इंडियन, दोघंही हिंदू, दोघंही मराठी, मग भेदभाव कसला? शब्द असला म्हणजे निदान तिला पुढचा प्रश्न विचारता येतो.

---

खुशाल_खोड्या | १३ जानेवारी, १३:१०

आता इथे आरक्षण पण मागा [मजकूर संपादित]

---

चावडी_संपादक | १३ जानेवारी, १३:२५

वरील आयडीला सात दिवसांची रजा दिली आहे. निळी_शाई आणि माणदेशी यांचे प्रतिसाद राहतील, मतभेद असायला हरकत नाही. धागा मूळ विषयावर आणावा ही विनंती.

---

सदाशिव_पेठी | १३ जानेवारी, २२:३०

पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे घटनेचं कलम १५ आणि १७ आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. पण खासगी नोकरीत किंवा भाड्याच्या घरात धर्मावरून नाकारलं तर १८० दिवस काय नि ३०० दिवस काय, जायचं कुठे? सर्वसाधारण असा कायदाच नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला 'फक्त पारशी' हा नियम ठेवू दिला. आमच्या सोसायटीचा वॉचमन ब्रोकरला गेटवरच विचारतो, "पार्टी कोण आहे?" 'कोण' म्हणजे काय ते ब्रोकरला बरोबर कळतं.

तेव्हा तिकडची मुदत हुकली याचं दुःख समजतं, पण मुदत असते याचा थोडा हेवाही वाटला.

---

जर्सीकर | १४ जानेवारी, ०८:००

रानजाई, मूळ प्रश्न राहिला, अजून वाट आहे का. तुमच्या वकिलीणबाईंना 'सेक्शन १९८१' बद्दल विचारा (हे वर्ष नव्हे, कलमाचा आकडा). वर १८६६ चा कायदा म्हटलं, त्याच घरातला. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना गोऱ्यांच्या बरोबरीने करार करता यावेत म्हणून केलेला. नोकरी हाही करारच. ईईओसीकडे जावं लागत नाही, माणसांच्या संख्येची अट नाही, भरपाईला टोपी नाही आणि मुदत चार वर्षं.

अडचण एकच, तो फक्त वंशावर चालतो. मूळ देशावर नाही. पण १९८७ मध्ये एका अरब वंशाच्या प्राध्यापकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने वंशाचा अर्थ रुंद केला, पूर्वज आणि वांशिक खुणाही त्यात येतात असं सांगितलं. 'तू भारतात जन्मलीस म्हणून' हे बसत नाही, 'तू भारतीय वंशाची आहेस म्हणून' हे बसू शकतं. केसाएवढा फरक आहे, पण त्या केसावर खटले उभे राहतात.

---

आंबोली_घाट | १४ जानेवारी, २३:१५

नवीन आयडी आहे, धागा वाचून लगेच काढला. मी ह्यूस्टनला. गरोदर असल्याचं सांगितल्यावर प्रोजेक्टवरून काढलं आणि मग १९ ऑगस्टला नोकरीवरूनच. ऑफिसात साधारण ६० माणसं. मला उशीर झाला का?

---

जर्सीकर | १५ जानेवारी, ०७:२०

नाही झाला! टेक्सासच्या राज्य खात्याची मुदत १८० दिवस, म्हणजे १५ फेब्रुवारी. तो रविवार आणि सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी. तिथपर्यंत थांबूच नका. ईईओसीची तुमच्याकडे ३०० आहे, पण दोन्ही हक्क शाबूत ठेवायचे तर १८० च्या आत जा. गरोदरपणावरून भेदभाव हा लिंगभेदच, हे १९७८ पासून. शिवाय २७ जून २०२३ पासून गरोदर बाईला कामात रास्त सवलती देणंही बंधनकारक आहे.

आणि हे नीट वाचा: ईईओसीच्या पोर्टलवर 'इन्क्वायरी' टाकली म्हणजे तक्रार झाली नाही. मुलाखत होते, मग 'चार्ज', म्हणजे औपचारिक तक्रार, तयार होतो, त्यावर तुमची सही लागते. इन्क्वायरी टाकून "झालं एकदाचं" म्हणत मुदत घालवलेली तीन माणसं मी स्वतः बघितली आहेत.

---

रानजाई | २७ जानेवारी, २१:३०

उशिरा येतेय. वकिलीणबाईंना १९८१ विचारलं. त्या म्हणाल्या मी नोव्हेंबरात सांगितलं होतं, तुम्ही रडत होतात. खरं असेल. त्यांच्या मते केस अवघड आहे. वंश नसता तर हे घडलंच नसतं, असं दाखवावं लागतं, आणि डिरेक्टरच्या ईमेलमध्ये फक्त 'उच्चार' आहे. मात्र माझ्या जागी कॉल्सवर ज्याला बसवलं तो स्कॉटलंडचा आहे. त्याचं बोलणं क्लायंटला कळत नाही म्हणून दोन कॉल पुन्हा घ्यावे लागले, तेही लेखी आहे. हे ऐकून बाई पहिल्यांदा हसल्या. पुढच्या आठवड्यात कंपनीला पत्र जाईल.

माणदेशी, शेंगोळ्यांची कृती हवी आहे. आमच्याकडे कुळथाचं पीठ मिळतं.

---

आंबोली_घाट | २८ जानेवारी, १७:०५

आज फोनवर मुलाखत झाली, चार्ज आला, दोनदा वाचून सही केली. १६२ वा दिवस.